पूरग्रस्तांना छप्पर मिळाले, पुढे काय?

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी दुपारी दोननंतर मुंबईच्या उपनगरांवर जो पाऊस कोसळला तो अंधेरी, कुर्ला, घाटकोपर भागातील माणसे अजून विसरलेली नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळी दक्षिण मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर पाऊस होता. समुद्राला भरती, मिठी नदी तुडुंब, लोकलगाड्या बंद, दिवे गेलेले, टेलिफोन मुके. साकीनाक्याला दरड कोसळून घरे गाडली गेली. महाराष्ट्रात त्या अतिवृष्टीने एक हजाराहून अधिक बळी घेतले.

माझा दवाखाना तेव्हाही अंधेरी पूर्वेला होता. दवाखान्यात गुडघाभर पाणी शिरले म्हणून जेवढी औषधे हाताला लागली तेवढी पिशवीत भरून मी जवळच्या एका शाळेत गेलो. नदीकाठच्या वस्तीतील माणसे तेथे आणली जात होती. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या एकेका वर्गात साठ-साठ माणसे. कोणी बाकावर, कोणी बाकाखाली. मदतीला हात कमी नव्हते. शेजारच्या इमारतींतून चहा येत होता, बिस्किटांचे पुडे येत होते. दुसऱ्या दिवशी वडापाव आले आणि जुन्या कपड्यांची गाठोडी तर इतकी आली की एक वर्ग त्यांनीच भरला.

एका आजींना ताप होता. मी पाण्याचा पेला पुढे केला तर त्या म्हणाल्या, "पाणी नको रे बाबा. प्यायले तर मग जाऊ कुठं?"

खाली शौचालयात पाणी तुंबले होते. वरच्या मजल्यावर एकच शौचालय चालू होते, त्याला दार नव्हते आणि बाहेर पुरुषांची रांग होती. आजींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की वर्गातील बहुतेक बायकांनी तेच केले होते. त्यांत दोन गरोदर होत्या.

त्या क्षणापर्यंत मला वाटत होते की माणसे कोरड्या जागी आली, म्हणजे सुटली. तसे नसते. छप्पर हा निवाऱ्याचा फक्त पहिला भाग आहे. पहिल्या तीन दिवसांत छपराखाली काय व्यवस्था होते, यावर पुढच्या तीन आठवड्यांत किती माणसे आजारी पडणार हे ठरते. आजच्या लेखात याचाच विचार करू.

वाचकहो, हे फक्त मुंबईकरांसाठी नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूर पाण्यात होते. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड बुडाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाचलेल्यांना पुढे चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहावे लागले. अशा वेळी शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय उघडून देणारे आपल्यासारखेच लोक असतात. म्हणून हे प्रत्येक गावाला ठाऊक हवे.

पाणी ओसरल्यावर काय येते?

पाऊस थांबला, ऊन पडले, लोक घरी परतू लागले, की सर्वांना वाटते संकट टळले. डॉक्टरांचे काम मात्र तेव्हा सुरू होते. पहिल्या दोन-चार दिवसांत जुलाब, उलट्या, सर्दी-खोकला आणि पायांच्या जखमा येतात. आठवडाभराने लेप्टोस्पायरोसिस म्हणजे आपण ज्याला लेप्टो म्हणतो तो ताप सुरू होतो. त्यानंतर कावीळ, विषमज्वर, मलेरिया, डेंग्यू.

२००५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. हे जंतू उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून पुराच्या पाण्यात आणि चिखलात येतात. पायाला खरचटलेले असेल, चिखल्या झाल्या असतील किंवा पाण्यात राहून कातडी मऊ पडली असेल तर तेथून ते शरीरात शिरतात. डोळ्यांतून, तोंडातूनही शिरू शकतात.

आमच्या शाळेत एक विशी-बाविशीचा कार्यकर्ता होता. दोन दिवस त्याने कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठीवर बसवून आणले. नडगीला पत्रा लागला होता, त्यावर त्याने रुमाल बांधला होता. नवव्या दिवशी तो ताप घेऊन दवाखान्यात आला. पोटऱ्या फार दुखतात म्हणाला. बाहेर साठ पेशंट बसलेले. मी मनात म्हटले, एवढा राबला आहे, पोटऱ्या दुखणारच. तापाच्या गोळ्या दिल्या आणि "विश्रांती घे रे" असे सांगून पाठवला. दोन दिवसांनी त्याच्या आईने त्याला रिक्षातून आणले. डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद. तसाच मोठ्या रुग्णालयात पाठवला. डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी तो घरी आला, हे त्याचे आणि माझेही नशीब.

मी त्याला एकच प्रश्न विचारायला हवा होता. "पाण्यात उतरला होतास का आणि पायाला जखम होती का?" उत्तर मला डोळ्यांनी दिसलेले होते, तरी मी विचारले नाही. तेव्हापासून जुलै ते ऑक्टोबर तापाच्या प्रत्येक रुग्णाला मी हा प्रश्न विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी घाईत विचारला नाही तर तुम्ही होऊन सांगा.

निवारा कसा असावा?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली मदत छावण्यांसाठी किमान निकष ठरवून दिले आहेत. ते साधे आहेत आणि गावातल्या शाळेतही बऱ्याच अंशी पाळता येतात.

१. जागा. माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा हवी. या हिशेबाने आमच्या त्या ५०० चौरस फुटांच्या वर्गात तेरा माणसे राहायला हवी होती, होती साठ. पहिल्या रात्री दाटी होणारच, तेव्हा कोणाला परत पाठवू नये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी इमारत शोधायला लागावे. दाटीत गोवर, फ्लू, खोकला झपाट्याने पसरतात. खिडक्या उघड्या ठेवा. ज्याला ताप-खोकला आहे त्याला वेगळ्या खोलीत किंवा निदान व्हरांड्याच्या कडेला जागा द्या. चूल, कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही पेटवू नका. त्या धुरातला वास नसलेला विषारी वायू झोपेतच माणसाला मारतो.

२. कोरडे अंग. जुलैच्या मुंबईत थंडीने काय होणार, असे वाटते. पण चार-सहा तास ओल्या कपड्यांत वाऱ्यावर बसलेले म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल गार पडू शकते. आल्या आल्या ओले कपडे बदला, अंग पुसा, कोरड्यात गुंडाळा. तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून चादर घाला. फरशीवर नुसते झोपवू नका, खाली ताडपत्री, त्यावर सतरंजी किंवा चटई घाला. काहीच नसेल तर पुठ्ठा चालतो.

३. पाणी. नुसते पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर. म्हणजे शंभर माणसांना ३०० लिटर, दोनशे लिटरचे दीड पिंप. स्वयंपाक आणि धुणेधाणे धरून माणशी १५ लिटर, असे मदतकार्यात जगभर मानतात. नळाला पाणी आले तरी पहिले काही दिवस ते शुद्ध समजू नये, कारण पुरात जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरते. पाणी चांगले खळखळ उकळा, उकळी आल्यावर आणखी पाच मिनिटे ठेवा. एवढे इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, फडक्याने गाळून घ्या. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचे काम ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य खात्याच्या माणसाकडून करून घ्या. पिंपाला तोटी असावी. नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. पिंपात हात बुडवून पेले भरले की शुद्ध केलेले पाणी पुन्हा अशुद्ध होते.

४. शौचालय. निकष आहे तीस माणसांमागे एक, बायकांसाठी वेगळे. त्याला दार, आतून कडी, पाणी, साबण आणि रात्री उजेड हवा. त्या आजींची गोष्ट आठवा. शौचालय नसले की बायका पाणी पीत नाहीत. पाणी प्यायल्या नाहीत की लघवीची जळजळ, ताप, चक्कर सुरू होते. गरोदर बाईला हे फार धोक्याचे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही पाणी कमी पडते. त्या रात्री आम्ही शेवटी दोन साड्या बांधून आडोसा केला, पुरुषांना शेजारच्या इमारतीत जायला सांगितले आणि दारावर दोन बायका आळीपाळीने बसवल्या. तासाभराचे काम होते. ते झाल्यावर आजी स्वतः पाणी मागून प्यायल्या. हे पहिल्याच संध्याकाळी करता आले असते. वरच्या निकषात हे काम पाण्यानंतर लिहिले असले तरी दोन्ही एकाच वेळी हाती घ्यावीत.

५. अन्न. पहिल्या दिवशी चिवडा, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ-चणे, बिस्किटे, केळी. दुसऱ्या दिवसापासून एका जागी स्वयंपाक. मुगाच्या डाळीची खिचडी सर्वांत बरी. मोठ्या माणसाला दिवसाला २४०० उष्मांक मिळावेत असा निकष आहे, म्हणजे दोन वेळचे पोटभर जेवण आणि सकाळी न्याहारी. शिजवलेले अन्न दोन-तीन तासांत संपवावे. दहा ठिकाणांहून आलेली, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेली, दुपारी शिजवून रात्री वाटलेली भाजी-पुरी हे जुलाबाचे हमखास कारण. वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत, ज्याला जुलाब आहेत त्याने वाढायला उभे राहू नये.

६. औषधे. जलसंजीवनीची पाकिटे, तापाच्या गोळ्या, जखमा धुण्याचे सामान, पट्ट्या, खरजेचे मलम एवढे हवेच. मी एक गोष्ट विसरलो होतो, ती तुम्ही विसरू नका. माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी येतात, त्यांच्या रोजच्या गोळ्या घरी पाण्यात राहिलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे एका गृहस्थांची साखर भडकली आणि एकांना रक्तदाब वाढून छातीत दुखू लागले. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा. साखर, रक्तदाब, दमा, फिट्स, क्षय, हृदयविकार यांच्या गोळ्या कोण कोण घेते? गोळ्या कोणत्या, शेवटची कधी घेतली? क्षयाच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नये. इन्सुलिनला फ्रिज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या वाळूतल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. जखम झालेल्यांना धनुर्वाताचे इंजेक्शन, आणि मुक्काम लांबला तर मुलांना गोवराची लस व जीवनसत्त्व अ यांची व्यवस्था आरोग्य खात्याकडून करून घ्यावी.

७. नोंदवही. शंभर पानी वही आणि पेन. नाव, वय, कुठून आले, बरोबर कोण, आजार, गरोदर असल्यास कितवा महिना. रोज सकाळी किती जणांना जुलाब झाले, किती जणांना ताप आला, हे लिहा. काल दोन आणि आज नऊ असे दिसले की पाणी तपासायला हवे हे वहीच सांगते. चुकामूक झालेली मुलेही याच वहीमुळे सापडतात.

काय पाठवू नये?

मदत करणाऱ्यांचे मन मोडू नये, पण हे सांगणे भाग आहे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आमच्या शाळेतही सात महिने गाठोडी पडून होती. त्यांत उंदीर झाले. फाटके, न धुतलेले कपडे, मुदत संपलेली औषधे, उरलेल्या गोळ्यांची सुट्टी पाकिटे पाठवू नका. बाळांसाठी दूध पावडर आणि बाटल्या वाटू नका. अशुद्ध पाण्यात कालवलेले बाटलीचे दूध तान्ह्या मुलाला जुलाबाने मारू शकते. आईला जेवण, पाणी आणि आडोसा द्या, तिचे दूधच बाळाला पुरेल. ज्या बाळाला आई नाही त्याची व्यवस्था डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी.

पाठवायचेच असेल तर नव्या चादरी, टॉवेल, बायकांची आतली वस्त्रे, सॅनिटरी पॅड, साबण, झाकणाच्या बादल्या, टॉर्च, मच्छरदाण्या, ताडपत्री, फिनेल, झाडू पाठवा. पाठवण्याआधी तेथे काय कमी आहे ते विचारा.

जुलाब आणि ताप : घरी काय कराल?

जुलाब झाले की जलसंजीवनी. पाकीट मिळाले तर त्यावर लिहिल्याप्रमाणे, बहुधा १ लिटर शुद्ध पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, मूल मलूल पडणे ही दिसली की रुग्णालयात न्या.

पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून चालून आलात तर घरी येताच पाय साबणाने धुवा, कोरडे करा, जखम तपासा. त्यानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध देतात. किती घ्यायचे हे एकदाच पाण्यात गेलात, जखम होती, की रोज उतरावे लागते, यावर अवलंबून असते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना हे औषध देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे आहे. म्हणून दुकानातून परस्पर घेऊ नका. मदतकार्य करणाऱ्या तरुणांनी गमबूट घालावेत आणि हे औषध आधी विचारून घ्यावे. इतरांना वाचवणारा स्वतःकडे पाहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पाण्यात गेल्यानंतर महिनाभरात ताप आला आणि त्यासोबत पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, अंग पिवळे पडणे, लघवी कमी होणे, धाप लागणे यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

पावसाळ्याची पिशवी

शेवटी एक घरगुती काम. मे महिन्याच्या अखेरीस आपण पापड-लोणच्याच्या बरण्या भरतो, त्याच आठवड्यात एक पिशवी भरून दाराजवळच्या खुंटीला लावा. त्यात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली आधार कार्ड, रेशन कार्ड आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. रोजच्या औषधांचा सात दिवसांचा साठा, जादा चष्मा, टॉर्च, शिट्टी, साबण, टॉवेल, जलसंजीवनीची चार पाकिटे, क्लोरीनच्या गोळ्या, चिवडा आणि गूळ-चणे, पाण्याची बाटली, पॅड, बाळाचे लंगोट. नातेवाइकांचे फोन नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाईल बंद पडला की कोणाचाच नंबर आठवत नाही. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८. पाणी चढू लागले तर आधी विजेचा मेन स्विच बंद करा, पिशवी उचला आणि वेळेत निघा.

गावातील मंडळे, महिला मंडळ, शाळेचे मुख्याध्यापक यांनी पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी एकत्र बसावे. पूर आला तर कोणती इमारत उघडायची, किल्ली कोणाकडे, शौचालये किती, दारांना कड्या आहेत का, पिंपे कुठून आणायची, वही कोण लिहिणार, एवढेच ठरवावे. या बैठकीला खर्च फक्त चहाचा येतो.

त्या शाळेत मी अजून दरवर्षी जूनमध्ये एकदा चक्कर मारतो. मुख्याध्यापक बदलत गेले, पण प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न आता पाठ झाला आहे. "सर, वरच्या मजल्यावरच्या दाराला कडी आहे ना?"